भांड्यावर नाव घालतो, मग ड्रोनवर का नाही?

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो की छंद म्हणून उडवायच्या ड्रोनचीही सरकारदरबारी नोंद असायला हवी. झालं, पत्रांची रांगच लागली. निम्म्यांनी मला सरकारचा माणूस ठरवून टाकलं आणि उरलेल्यांचं म्हणणं, नोंद कसली करताय, सरळ बंदी घाला. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, त्यातली काही घेतोय. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या भावाने दुबईहून येताना माझ्या मुलाला ड्रोन आणला. डब्यावर 249 ग्रॅम लिहिलंय. मुलगा गच्चीवरून उडवतो, तर शेजारचे काका म्हणतात लायसन्स नाही, पोलीस धरून नेतील. खरंच लायसन्स लागतं का हो? – एक आई, सांगली

ताई, आधी तो ड्रोन वजनकाट्यावर ठेवा. चेष्टा करत नाहीये. आपल्याकडे 25 ऑगस्ट 2021 पासून जे ड्रोन नियम लागू आहेत ते वजनावर चालतात. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर 2 किलोपर्यंत मायक्रो, मग 25 किलोपर्यंत स्मॉल आणि पुढे मोठी धेंडं. नॅनो असेल तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, ड्रोनचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल तपासून पास केल्याचा सरकारी दाखला, लागत नाही, थर्ड पार्टी विमाही सक्तीचा नाही. पण वजन धरायचं ते उडताना जे काही अंगावर असेल त्या सगळ्यासकट. माझ्या पुतण्याचा पण असाच 249 वाला आहे, त्याला आम्ही पंख्यांना लागू नये म्हणून प्लास्टिकचे गार्ड लावले, वर त्याने हौसेने एलईडीची पट्टी चिकटवली, आणि बायकोच्या केक करायच्या काट्यावर ठेवला तर 290 च्या पुढे! म्हणजे घरातल्या घरात नॅनोचा मायक्रो झाला आणि कायद्याचं पान बदललं. मोठी बॅटरी घातली तरी हेच होतं. मायक्रोला सुद्धा हौसेने उडवताना पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण ड्रोनची नोंद करून त्याचा नंबर, म्हणजे यूआयएन, घ्यावाच लागतो.

म्हणजे काकांचं लायसन्सचं म्हणणं चूक, पण काका अगदीच चुकीचे नाहीत. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढी कामं सोडून, आणि ती सूटसुद्धा परवानगी काढूनच. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. मामाच्या बॅगेतून आला, कस्टमवाल्यांनी पाहिलं नाही, म्हणून तो कायदेशीर होत नाही. पुढच्या वेळी मामाला खजूर आणायला सांगा.

आणि गच्ची. सांगलीत तुमची गच्ची कुठल्या रंगात येते ते सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाइटवरच्या नकाशावर बघा. हिरव्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात एटीसीला, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कक्षाला, विचारायचं, लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच, नॅनो असला तरी नाही.

प्रश्न : आमच्या गावावर 2024 च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरायचे, आम्ही पोरं काठ्या घेऊन जागलोय. तुम्ही नोंदणीच्या गप्पा मारता, चोर काय नोंदणी करून येणारे का? बंदच करा सगळे. – शेतकरी, पैठण तालुका

तुमचा राग कळतो दादा. त्या जून-जुलैत पुणे, नगर, बीड, जालना, संभाजीनगर सगळीकडे हेच चालू होतं. आंतरवाली सराटीवर ड्रोन दिसल्याची बातमी आली, विधानसभेतही विषय निघाला. माझ्या मावसभावाच्या गावात तर लोकांनी शेतावरच्या पत्र्यावर झोपणं सोडून दिलं होतं.

चोर नोंदणी करत नाही हे शंभर टक्के खरं. पण मग गाडीचं पण तसंच आहे की, चोर नंबरप्लेट काढून येतो म्हणून आपण सगळ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा काढून टाकत नाही. नोंदणीचा उपयोग चोर पकडायला कमी आणि साव वेगळे काढायला जास्त होतो. त्या रात्री जर तालुक्याच्या पोलीस स्टेशनला एवढं कळलं असतं की या भागात नोंद असलेले ड्रोन किती, कुणाचे, सर्व्हे कुणाचा चालू आहे, तर निदान अर्धी भीती फोनवर मिटली असती. आपल्याकडे गावठाणाची मोजणी ड्रोनने झालेली आहे, स्वामित्व योजनेत, गावोगाव. पण ते काम दिवसा होतं आणि ग्रामपंचायतीला माहीत असतं. रात्रीचं काय होतं ते कुणी नीट सांगितलंच नाही, आणि जिथे सांगणारं कुणी नसतं तिथे अफवा मुक्कामाला येते.

अजून एक, राग मानू नका. हौशी ड्रोनची बॅटरी वीस-तीस मिनिटं जाते, फार फार तर थोडी जास्त. तासभर एका जागी दिवा दिसत असेल तर तो बहुतेक दुसरंच काहीतरी आहे. हे मी घरबसल्या शहाणपण म्हणून सांगत नाही, पुढचं पत्र बघा.

प्रश्न : तुमच्याकडे पैठण तर आमच्याकडे न्यू जर्सी! डिसेंबर 2024 मध्ये आमच्या डोक्यावर पण गूढ ड्रोन होते आणि इथे तर नोंदणी सक्तीची आहे. मग उपयोग काय झाला? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

हे पत्र पैठणच्या पत्राबरोबर एकाच दिवशी आलं म्हणून मला फार गंमत वाटली. साहेब, तुमच्याकडे एफबीआयकडे पाच हजारांवर तक्रारी गेल्या, त्यातल्या शंभरेक पुढे तपासण्यालायक निघाल्या, आणि बऱ्याच जणांनी जे पाहिलं ती सरळ सरळ विमानं होती. जानेवारीत व्हाइट हाऊसने सांगितलं की बरेचसे ड्रोन एफएएच्या, म्हणजे तुमच्या विमान खात्याच्या, परवानगीनेच उडत होते, बाकी हौशी लोक. म्हणजे परवानगी देणाऱ्याला माहीत होतं आणि डोक्यावरून जाणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं. तुमच्याकडे कमी पडलं ते सांगणं, नोंदणी होतीच.

तरी तुमच्या मुद्द्यात दम आहे. जमिनीवरून वर बघून ड्रोनचा नंबर वाचता येत नाही, ते काय रिक्षाच्या पाठीमागे लिहिलेलं थोडंच आहे! म्हणून अमेरिकेने रिमोट आयडी आणलं, ड्रोन उडताना स्वतःचा नंबर आणि जागा रेडिओवर सांगत राहतो, मार्च 2024 पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. नुसत्या रजिस्टरमधल्या नोंदीला अर्धाच अर्थ आहे हे मी मान्य करतो.

प्रश्न : मी एफपीव्ही ड्रोन (कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवायचे) स्वतः बनवतो. फ्रेम, मोटर, फ्लाइट कंट्रोलर सगळं मी सोल्डर केलेलं. जी वस्तू मी माझ्या हाताने बनवली ती सरकारच्या वहीत का लिहायची? आमचा छंद मारायचा ठरवलंय का तुम्ही? – इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पुणे

मित्रा, तुझं पत्र सगळ्यात लांब होतं आणि सगळ्यात चिडलेलं, आणि खरं सांगू का, मला सगळ्यात आवडलं पण तेच. तुझ्याच बाजूचा एक माणूस अमेरिकेत कोर्टात जिंकलेला आहे. तिकडे 21 डिसेंबर 2015 ला हौशी ड्रोनची नोंदणी सुरू झाली, फी 5 डॉलर, वजनाची रेघ तीच, अडीचशे ग्रॅम. मॉडेल विमानं उडवणारा टेलर नावाचा गृहस्थ म्हणाला की 2012 च्या कायद्यात संसदेनेच लिहिलंय, मॉडेल विमानांवर नवे नियम करायचे नाहीत, मग तुम्ही कोण? मे 2017 मध्ये कोर्टाने त्याचं ऐकलं, नोंदणी रद्द, लोकांना पाच-पाच डॉलर परत मागायची सोय. आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घालून सगळं परत आणलं. सहा-सात महिन्यांचं स्वातंत्र्य!

आता दुसरी बाजू ऐक. डिसेंबर 2018, लंडनचं गॅटविक विमानतळ, ख्रिसमसच्या तोंडावर. ड्रोन दिसला म्हणून धावपट्टी बंद, साधारण हजार उड्डाणं बोंबलली, 1 लाख 40 हजार प्रवासी अडकले. पोलिसांनी धरलं कुणाला? जवळपास राहणाऱ्या एका जोडप्याला, कारण नवऱ्याला असली खेळण्यातली विमानं-हेलिकॉप्टरं उडवायचा छंद होता. दीड दिवस कोठडीत, पेपरात फोटो, आणि शेवटी त्यांचा काही संबंध नव्हता असं निघालं, पोलिसांना 2 लाख पौंड मोजावे लागले. खरा माणूस आजतागायत सापडला नाही. त्या वेळी ब्रिटनमध्ये सक्तीची नोंदणी नव्हती, ती आली नोव्हेंबर 2019 ला. नोंदणी असती तर गुन्हेगार सापडला असता असं मी म्हणणार नाही. पण यादी नसली की पोलीस छंदावर संशय घेतात, आणि मग तुझ्यासारख्या सोल्डरिंगवाल्याच्या घरी पहिली जीप येते.

आपल्याकडचा इतिहास तुला माहीत असेल, नसेल तर थोडक्यात. ऑक्टोबर 2014 मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, एक जाहीर नोटीस काढून नागरी ड्रोनच बंद करून टाकले, नियम तयार नाहीत म्हणून! चार वर्षं गेली, डिसेंबर 2018 पासून नियम आले. जानेवारी 2020 मध्ये, ज्यांच्याकडे आधीपासून ड्रोन आहेत त्यांनी महिनाअखेरपर्यंत स्वतःहून सांगा, अशी योजना आली. मार्च 2021 मध्ये नवे नियम आले ते इतके जाचक की पाच महिन्यांत बदलावे लागले, आणि मग ऑगस्टमधले आत्ताचे नियम, ज्यात फॉर्म 25 वरून 5 वर आले. यूआयएनची फी शंभर रुपये. शंभर! कांदाभजी आणि दोन चहाचे पैसे. म्हणून मी फी किंवा फॉर्मवर रडणार नाही.

मी रडतो ते वेगळ्यासाठी. बाहेरचा ड्रोन आणायला बंदी, इथल्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटवाले बहुतेक ड्रोन शेतीच्या फवारणीचे किंवा मोजणीचे, लाखांच्या घरातले. कॉलेजच्या पोराने घ्यायचं काय? मग तो गल्लीतल्या दुकानातून बिलाशिवाय घेतो, आणि बिलाशिवाय घेतलेली वस्तू सरकारच्या पोर्टलवर दाखवायला कोण जाणार. म्हणजे नोंद हवी म्हणायचं आणि नोंद करता येईल अशी वस्तू बाजारात ठेवायची नाही. हे म्हणजे हेल्मेटसक्ती करून हेल्मेटची दुकानं बंद करण्यासारखं झालं.

तुला मात्र एक वाट आहे. नियमांत मॉडेल ड्रोन असा एक प्रकार आहे, 25 किलोच्या आत, शिक्षण, संशोधन किंवा मौजेसाठी, आणि डोळ्यासमोर दिसेल एवढ्याच अंतरात उडवलेला. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. एफपीव्हीत तू गॉगल घालून बसतोस म्हणजे तुझा डोळा ड्रोनवर नसतोच, तेव्हा शेजारी एक मित्र उघड्या डोळ्यांनी ड्रोन बघत उभा कर, गॉगल घातला म्हणून नजरेचा नियम सुटत नाही. आणि पुण्यात आहेस, लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे हे विसरू नकोस. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा रंग 200 फुटांवर संपतो, आणखी जवळ गेलास की परवानगीशिवाय जमिनीपासूनच नाही. त्यात खडकवासल्याला एनडीए, लष्कराची प्रबोधिनी. गावाला जाऊन उडव, खरंच, माळावर मजा पण जास्त येते.

आणि वहीत का लिहायचं म्हणतोस, तर माझीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मामाच्या शेतावर वाऱ्याने माझा ड्रोन सरळ उसात गेला. बारा फूट ऊस, आत शिरलो तर पानांनी दंड कापले, सापडला नाही. नाद सोडला. जानेवारीत तोडणी आली आणि एके दिवशी फोन, टोळीतल्या एका बाईंना पाचटात तो सापडला होता, आणि त्याच्या पोटावर मी मार्करने माझा मोबाइल नंबर लिहिला होता, म्हणून त्यांनी मुकादमाच्या फोनवरून लावला. कॅमेरा गेला होता, पण चिप चांगली होती, तिच्यात ड्रोन पडतानाचे सात सेकंद आहेत. आपण लग्नात आलेल्या ताटल्या-वाट्यांवर नाव आणि तारीख घालून घेतो ते सरकारच्या भीतीने नाही, पंगतीला गेलेलं भांडं घरी परत यावं म्हणून. मला नोंदणी एवढीच हवी आहे. वस्तू कुणाची, पडली तर फोन कुणाला. कुठे उडवू नये त्याचे नियम कडक ठेवा, तिथे दया नको. कुणाकडे काय आहे यावर मात्र शंभर रुपयांच्या पुढे जाऊ नका. सप्टेंबर 2025 मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला तेव्हा मी हेच लिहून पाठवलं होतं, उसाची गोष्ट वगळून.

प्रश्न : मुंबईत विसर्जनाचं शूटिंग घरच्या ड्रोनने केलं तर चालेल का? छोटाच आहे. – गिरगाव

नाही. मुंबई पोलिसांचा ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर मनाईचा आदेश निघतो, तीस दिवसांचा, आणि तो संपत आला की बहुतेक वेळा पुढचा निघतो. पूर्वी कलम 144 म्हणायचे, आता 163. छोटा-मोठा असा भेद त्यात नाही. गॅलरीतून मोबाइलने काढा.

प्रश्न : समोरच्या बिल्डिंगवरून एक ड्रोन येऊन आमच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीसमोर थांबतो. दोनदा झालं. मिस्टर म्हणाले बेचकीने पाडतो. तक्रार कुठे करायची? – कल्याण

बेचकी नको. पाडलेला ड्रोन सहाव्या मजल्यावरून खाली कुणाच्या तरी डोक्यातच जाईल, आणि मग गुन्हा तुमच्यावर. 112 ला फोन करा, वेळ लिहून ठेवा, तो कुठून सुटतो आणि कुठे उतरतो ते बघा, कारण ड्रोन कुठे ना कुठे उतरतोच आणि तिथे रिमोट घेऊन माणूस उभा असतो. मोबाइलने व्हिडिओ काढा, त्यात खिडकीची चौकट येऊ द्या म्हणजे अंतर कळतं. बाईच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, मग कॅमेरा हातात असो की हवेत. ड्रोनच्या नियमांचं म्हणाल तर ते उंची, वजन आणि रंगांबद्दल भरपूर बोलतात, खिडकीबद्दल जवळजवळ गप्प आहेत, आणि त्यांत दंड जास्तीत जास्त एक लाख. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी लेखी द्या, अनुभव असा आहे की निम्म्या वेळा तो ड्रोन समोरच्या सेक्रेटरीच्याच मुलाचा निघतो.

प्रश्न : लग्नाच्या ऑर्डरी घेतो, ड्रोन शॉटचे वेगळे पैसे लावतो. ड्रोन 2 किलोच्या आत आहे. म्हणजे मी हौशीच ना? – फोटोग्राफर, सोलापूर

पैसे लावले की हौस संपली भाऊ. 2 किलोच्या आतल्या ड्रोनला पायलटच्या सर्टिफिकेटची सूट फक्त बिनपैशाच्या कामाला आहे. तुम्हाला डीजीसीए-मान्य संस्थेत ट्रेनिंग, मग सर्टिफिकेट, ते दहा वर्षं चालतं, ड्रोनचा यूआयएन, आणि विमा. सरकारी फी शंभर रुपयेच, पण ट्रेनिंगवाले हजारोंच्या घरात घेतात, ते दोन-तीन लग्नांत निघतील. विमा मात्र टाळू नका. वरातीत घोडा असतो, घोड्याला ड्रोनचा आवाज आवडत नाही आणि नवरा घोड्यावर असतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला ड्रोनचं लायसन्स काढायचंय. मिळेल का? – नाशिक

अजून नाही. सर्टिफिकेटला 18 वर्षं पूर्ण आणि दहावी पास लागतं, म्हणजे तुला पाच वर्षं आहेत. तोपर्यंत अडीचशे ग्रॅमच्या आतला, मोठं कुणीतरी सोबत घेऊन, आणि देवळालीच्या तोफखान्याकडे किंवा ओझरकडे तोंड करून अजिबात नाही, नाशिकचा नकाशा आधी बाबांबरोबर बघ. ड्रोनच्या पोटावर मार्करने फोन नंबर लिही. तुझा नको, बाबांचा. पत्राच्या खाली तुझ्या आईने बारीक अक्षरात लिहिलंय की तू फोन उचलत नाहीस.